शारीरिक शिक्षणाच्या तासाला टेनिस

पुण्यातील युरोपियनांच्या क्लबात 1892 च्या सुमारास बाळू पालवणकर हा चर्मकार समाजातील तरुण महिना चार रुपये पगारावर नोकरीस होता. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, सरावाची जाळी उभारणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिस कोर्टाच्या रेषा आखणे, हे त्याचे काम. तेथील साहेबांना गोलंदाजी करता करता तो घडला आणि 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने 114 बळी घेतले. क्रिकेटच्या इतिहासाने हे नाव उशिरा का होईना नोंदवले. मला मात्र त्या टेनिसच्या रेषा आठवत राहतात. आखणाऱ्याने त्या रेषांच्या आत उतरून खेळावे, असे तेव्हा क्लबातील कुणाच्या मनातही आले नसेल.

भोर-वेल्ह्यातील आपल्या मुलांना टेनिसचा चेंडू ठाऊक आहे, टेनिस ठाऊक नाही. वाडीवाडीत त्या चेंडूने क्रिकेट चालते. शाळेत टेनिसचे नाव काढले की पहिला प्रश्न येतो, "कोर्ट कुठे आहे?" मीही अनेक वर्षे हेच विचारत होतो. वास्तविक उत्तर मैदानावर आखलेलेच होते. कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद असते. मध्यरेषेवर 80 सेंटीमीटर उंचीवर दोरी ताणावी, दोन्ही टोकांचा एकेक मीटर सोडावा आणि लांबीच्या दिशेने मधोमध फक्कीची एक रेषा मारावी. 11 बाय 5 मीटरची दोन कोर्टे तयार होतात. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लहान मुलांसाठी मान्य केलेले लाल चेंडूचे कोर्ट साधारण एवढेच असते. हा चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे 75 टक्के मंद असतो. त्याची उसळी मुलाच्या कमरेजवळ राहते, खांद्यावरून जात नाही. तो न मिळाल्यास दाब गेलेला जुना चेंडू चालतो.

पहिले काही तास रॅकेट देऊच नये. एक टप्पा पडलेला चेंडू झेलायचा, मग तळहाताने दोरीपलीकडे ढकलायचा. त्यानंतर प्लायवुडची फळी. अंग बाजूला वळवून चेंडू शरीराच्या पुढे गाठणे, एवढे एक साधले तरी फोरहँडचा पाया पडतो. आपल्या मुलांची अडचण वेगळीच आहे : प्रत्येक चेंडू त्यांना षटकारासाठीच टाकलेला वाटतो! म्हणून गुण जिंकण्याआधी जोडीने न चुकता दहा फटके मोजायला लावावेत. चाळीस मुलांत एका वेळी आठच खेळतात, ही तक्रार खरी आहे. चार गुणांनंतर जोड्या बदलाव्यात, बाकीच्यांनी भिंतीवर सराव करावा. वेल्ह्याच्या पावसाळ्यात तर चार महिने व्हरांड्याची भिंत हेच कोर्ट.

पंच नेमू नये. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे खेळाडूनेच सांगायचे आणि शंका असल्यास तो आत धरायचा, अशी पंचाविना खेळल्या जाणाऱ्या टेनिसची रीतच आहे. सुरुवातीला भांडणे होतात, होऊ द्यावीत.

हे सारे तात्पुरते, गरिबीतले टेनिस आहे, असे एका पालकांनी मला सुनावले होते. त्यांना मी अल्थिया गिब्सनची हकीकत सांगितली. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत दिवसा वाहतूक बंद करून मुलांना मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यावर ती लाकडी फळीने खेळायला शिकली. 1940 मध्ये शेजाऱ्यांनी वर्गणी काढून तिला टेनिस क्लबाचे सभासदत्व मिळवून दिले. 1950 पर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेशच नव्हता. तो त्या वर्षी तिला प्रथम मिळाला. 1957 मध्ये ती विम्बल्डन जिंकली.

माजी विद्यार्थी भेटले की शाळेला काय हवे, असे आपुलकीने विचारतात. सिमेंटचे कोर्ट तूर्त नको. तीन डझन लाल चेंडू आणि वीस छोट्या रॅकेट, शक्यतो मे महिन्याअखेर मिळाव्यात. जूनमध्ये पाचवीची नवी तुकडी येते.