देवरीहून परदेशी विद्यापीठाकडे : पूर्वतयारीचा अभ्यास

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषय आमच्यावर सोपविला. गेल्या काही वर्षांत माजी विद्यार्थी आणि पालक एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारीत आले आहेत : आपल्या मुलाने अगर मुलीने परदेशात शिकावयाचे ठरविले, तर तयारी कोठून करावी ? म्हणून हाच विषय आम्ही घेतला. देवरी, चिचगड, सालेकसा, आमगाव या परिसरातील मुलांना समोर ठेवूनच पुढील विवेचन केले आहे. मुंबई-पुण्याच्या मुलांना हे सांगणारे शेजारीपाजारी असतात. आपल्याकडे ते काम शाळेला करावे लागते.

परदेशी शिक्षणाचा विचार निघाला की आपल्या समाजात प्रथम बाबासाहेबांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. मात्र जयंतीच्या भाषणांत आपण त्यांच्या पदव्या मोजतो आणि त्या पदव्यांमागील कागदपत्रांचा इतिहास वाचावयाचा राहून जातो. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस तो भाग अधिक बोधप्रद वाटतो. मॅट्रिक झालेल्या भीमरावांसाठी केळुसकर गुरुजींनी खटपट केली, आणि सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची मदत मिळून एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पार पडले. ४ जून १९१३ रोजी बडोदे संस्थानाशी करार झाला : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मनही. १९१६ मध्ये लंडनला जाताना प्रा. सेलिग्मन यांचे सिडनी वेब यांच्या नावे शिफारसपत्र त्यांच्यापाशी होते.

येथपर्यंतची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते खरा धडा १९१७ सालचा आहे. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला आणि परतणे भाग पडले. स्वतंत्र जहाजाने पाठविलेले पुस्तकांचे सामान टॉर्पेडोच्या माऱ्यात समुद्रात बुडाले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी मिळविली होती. पुढे सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले. शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी ५ हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली, तीही प्रबंध एकदा सुधारण्यासाठी परत आल्यानंतर. बुद्धिमत्ता तर होतीच. तथापि वेळेवर मिळविलेली ती परवानगी नसती, तर लंडनचे दार बहुधा बंदच झाले असते.

आता आजच्या वाटेकडे वळू. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून सुरू आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती असून पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांकरिता दिली जाते. समाजकल्याण आयुक्तालय, पुणे यांच्याकडून तिची जाहिरात निघते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र योजना आहे, आणि त्या विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय देवरीतच आहे, ही सोय आपल्या कित्येक पालकांच्या ध्यानात येत नाही. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. तीत ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत. या तिन्ही योजनांत विद्यापीठाचे जागतिक मानांकन, कौटुंबिक उत्पन्न, गुण आणि वय यांच्या अटी असतात व त्या वेळोवेळी बदलतात. म्हणून मागील वर्षी कोणास मिळाली त्याच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः वाचावा. उदाहरणार्थ, २०२२ साली केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि सामाजिक अभ्यास यांसंबंधीचे भारतविषयक विषय वगळण्यात आले. ज्या समाजाचा इतिहास इतरांनीच लिहिला, त्या समाजाच्या मुलांना परदेशात तो अभ्यासण्यासाठी शासनाची मदत नाकारणारी ही अट आम्हांस अत्यंत अन्यायाची वाटते. तरीही ती वाचल्यावाचून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष मात्र फुकट जाते.

खाजगी व परदेशी शिष्यवृत्त्याही आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग ही एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी असते. तिला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. युरोपातील इरास्मस मुंडस, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू याही प्रसिद्ध आहेत. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसते. मात्र वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच एका बंदिस्त खात्यात दाखवावी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे चेव्हनिंगवर लंडनच्या सोआस येथे शिकले आणि त्यांनी उभारलेली एकलव्य ही संस्था ग्रामीण विद्यार्थ्यांना अर्जप्रक्रियेत मार्गदर्शन करते. वऱ्हाडातील खेड्यातून हे होऊ शकते, तर झाडीपट्टीतून न होण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

कागदपत्रांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण आपली मुले गुणांपेक्षा येथेच अधिक अडकतात. शाळेच्या दाखलखारीज नोंदवहीत एक नाव, आधारकार्डावर दुसरे स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव वेगळे. मग पासपोर्टवर कोणते यावे? दहावीचा परीक्षा अर्ज भरण्यापूर्वी, म्हणजे विद्यार्थी वसतिगृहात असतानाच, या नोंदी जुळवून घ्याव्यात. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार जिकिरीची होते. जात वैधता प्रमाणपत्राचेही असेच. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या आणि अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीचा आपला जिल्हा भंडारा. साहजिकच आजोबांची कोतवाल पंजीतील नोंद अगर बंदोबस्त मिसलीची नक्कल शोधताना भंडाऱ्याचीही पायरी चढावी लागते. बौद्ध कुटुंबांत मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि आजोबांच्या दाखल्यावर पूर्वीची जात असते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या खऱ्या, पण केंद्राच्या योजनेसाठी विहित नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते, हे आधीच ठाऊक असलेले बरे. पदवीनंतर नागपूर विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट काढण्यासही वेळ लागतो. ही कामे पदवीच्या दुसऱ्या वर्षी सुरू करावीत.

इंग्रजीची भीती हा दुसरा अडसर. आयईएलटीएस परीक्षेचे चार भाग असतात : ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे. वाचनात एका तासात ४० प्रश्न. लेखनात एका तासात किमान १५० आणि २५० शब्दांचे दोन मजकूर. तिचे गुण दोन वर्षे ग्राह्य धरतात, म्हणून फार लवकर देऊनही उपयोग नाही. मराठी माध्यमाची मुले तीत मागे पडतात असा समज आहे. आमचे निरीक्षण निराळे आहे. व्याकरणाचा प्रश्न सरावाने सुटतो. खरी अडचण पाठ केलेल्या निबंधाची. 'माझा आवडता नेता' दहा वर्षे एकाच साच्यात लिहिणाऱ्या मुलाला स्वतःचे मत दोन कारणांसह मांडा म्हटले की लेखणी थबकते, मग ती इंग्रजीची असो वा मराठीची. यात दोष मुलांचा नाही, आपल्या अध्यापनाचा आहे. आठवीपासून आठवड्याला एक पान, न पाठ केलेले, मराठीत व इंग्रजीत लिहून घेतले, तर शिकवणी वर्गाचे पुष्कळसे काम शाळेतच होईल.

तोच सराव पुढे उद्देशपत्र लिहिताना कामी येतो. आपले विद्यार्थी त्यात बहुधा गरिबीची कथा लिहितात, नाहीतर इंटरनेटवरून कोणाचे तरी उतरवतात. गरिबी लपविण्याचे कारण नाही, पण प्रवेश देणाऱ्यास जाणून घ्यावयाचे असते की या विद्यार्थ्याला कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे. आणि प्रश्नांचा तोटा आपल्या परिसरात मुळीच नाही. जलव्यवस्थापन शिकू इच्छिणाऱ्याने मामा तलावांवर वाढलेले धान पाहिले आहे. सार्वजनिक आरोग्य शिकणारीच्या नात्यागोत्यात सिकलसेलचा रुग्ण असतो. कायदा अगर पर्यावरण शिकणाऱ्यास शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये मिळविलेला सामूहिक वनहक्क आणि आपल्या ग्रामसभांचा तेंदूपत्ता यांविषयी लिहिता येते. हे लंडनच्या ग्रंथालयात बसून कळणारे ज्ञान नव्हे.

शिफारसपत्रांबाबत एवढेच, की शिक्षकांनी 'विद्यार्थी हुशार व सुस्वभावी आहे' हे वाक्य आता सोडावे. त्याने कोणते काम केले, कोठे अडखळला, पुन्हा कसा उभा राहिला, हे लिहावे. आणि विद्यार्थ्याने पत्र मागण्यास शेवटच्या दिवशी येऊ नये.

पैशांविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. शिष्यवृत्ती मिळण्यापूर्वीच खर्च सुरू होतो. पासपोर्टचे १५०० रुपये, आयईएलटीएसचे जवळपास १८ हजार, प्रत्येक विद्यापीठाचे अर्जशुल्क, नागपूरच्या खेपा. राज्याच्या योजनेसाठी आधी विद्यापीठाचा प्रवेश हातात असावा लागतो. निवड यादी लांबली तर ऑगस्ट उजाडतो, आणि सप्टेंबरात वर्ग सुरू होतात. याच काळात घरी रोवण्याची घाई असते. अशा वेळी शहरातील एखादा एजंट भेटतो आणि बांधी गहाण टाकून कर्ज काढण्याचा सल्ला देतो. पालकांनी हे समजून घ्यावे, की असे एजंट पुष्कळदा ज्या विद्यापीठांकडून दलाली मिळते तीच सुचवितात, आणि त्यांतली बरीच शासकीय शिष्यवृत्तीच्या मानांकनात बसत नाहीत. जमीन जाते आणि शिष्यवृत्तीही हुकते. एक वर्ष थांबून नीट अर्ज करण्यात कमीपणा नाही. बाबासाहेबांना लंडनसाठी तीन वर्षे थांबावे लागले होते.

राहिली घर सोडण्याची गोष्ट. याबाबतीत वसतिगृहातील मूल शहरी मुलापेक्षा पुढेच असते. पाचवीपासून स्वतःचे कपडे धुणारे, रांगेत ताट घेणारे, अनोळखी मुलांशी जुळवून घेणारे हे मूल तेथे लवकर रुळते. स्वयंपाक मात्र जाण्यापूर्वी शिकून घ्यावा, मुलांनीही. आणि जात तेथे नसते असे समजून जाऊ नये. भारतीयांच्या खोल्यांत, मेळाव्यांत आडनावाची चौकशी होते. २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातीभेदाविरुद्ध कायदा केला, तो उगाच नव्हे. विद्यापीठात तक्रार कोठे करावयाची हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्यावे.

माजी विद्यार्थ्यांपाशी आमचे एक मागणे आहे. आपल्यापैकी अनेकजण नागपूर, पुणे, हैदराबाद येथे स्थिरावले आहेत. परीक्षेच्या आदल्या रात्री देवरीच्या मुलीला नागपुरात मुक्कामाची जागा लागते. उद्देशपत्र वाचून खुणा करणारे कोणी लागते. आणि प्रवेश ते शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता या मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी बिनव्याजी, परत करावयाची रक्कम लागते, भथेनांनी दिली तशी. तिघांनी मिळून एका विद्यार्थ्याची जबाबदारी घेतली तरी काम सुरू होते. ज्यांना हे शक्य असेल त्यांनी मुख्याध्यापकांकडे नाव, गाव आणि आपण कोणते काम अंगावर घेऊ शकता एवढे कळवावे. पदवीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची यादी दिवाळीच्या सुट्टीत तयार करण्याचे आम्ही योजिले आहे.