दुर्बिणीचं ऑपरेशन आणि थिएटरमधली माणसं

"दुर्बिणीने करतात का पोट फाडून?" ऑपरेशन सांगितलं की वस्तीत पहिला प्रश्न हाच. दुसरा खर्चाचा. सिल्लोडहून पेशंट घाटीत न्यायचा की खासगीत, यावर रात्र जाते. पण थिएटरमधली माणसं एकमेकांशी बोलतात का, हे कोणी विचारत नाही. जीव पुष्कळदा त्यावरच अवलंबून असतो.

दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन भारतात प्रथम १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी केलं. आज ते तालुक्याच्या गावापर्यंत आलं आहे. मशीन विकत घेता येतं. ते सर्वांनी मिळून वापरण्याची सवय विकत मिळत नाही.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६ रुग्णालयांत याचा अभ्यास केला. तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छातीचं हाड न कापता बरगड्यांमधल्या लहान छेदातून हृदयाचं ऑपरेशन करण्याची पद्धत तेव्हा नवी होती. जुन्या पद्धतीत सर्जनला सगळं डोळ्यांनी दिसायचं. नव्या पद्धतीत भूल देणारे डॉक्टर पडद्यावर पाहून सांगणार, मशीनवरचा माणूस सांगणार, सिस्टर सांगणार. तेव्हा सर्जनचा हात पुढे सरकणार. म्हणजे हुकूम देणाऱ्याला ऐकावं लागलं. सर्जन नावाजलेला किंवा रुग्णालय मोठं म्हणून तिथे काम लवकर जमलं, असं दिसलं नाही. जिथे धाकट्या माणसाला "थांबा, काहीतरी चुकतंय" म्हणायची भीती नव्हती, तिथे जमलं.

आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होते. माझं काही चुकलेलं पाहिलं, ऐकलं किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती ज्येष्ठ भिक्खू आधी करतो, मग धाकटे. आपल्या मुली नर्सिंग करतात, मुलं टेक्निशियन होतात, वॉर्डात मावशी आणि मामा आपल्याच वस्तीतले असतात. साहेबांपुढे तोंड उघडायचं नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. थिएटरमध्ये ही शिकवण पेशंटच्या जिवावर बेतू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये यावर १९ मुद्द्यांची एक यादी काढली. त्या कामाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. यादीत तीन थांबे आहेत: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी. दुसऱ्या थांब्याला प्रत्येकजण आपलं नाव आणि काम सांगतो. बारीक वाटेल ही गोष्ट, पण एकदा नाव उच्चारलेला माणूस पुढे बोलायला कचरत नाही. शेवटच्या थांब्याला सुया, कापूस-पट्ट्या आणि हत्यारं मोजतात. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली. मृत्यू हजारी १५ वरून ८ वर आले आणि गुंतागुंत शंभरात ११ वरून ७ वर. कागदाला खर्च तो किती!

या टीममध्ये पेशंटही आहे. नाव, कोणतं ऑपरेशन, डावी बाजू की उजवी, हे पुन्हा पुन्हा विचारलं तर "किती वेळा सांगू" म्हणून चिडू नका. तीच तपासणी आहे. हर्निया, डोळा, मूतखडा यांत बाजूवर खूण केली का, ते बघा. सकाळी म्हातारीला दया येऊन घोटभर चहा दिला असेल, तर तो लपवू नका. भूल दिल्यावर पोटातलं फुप्फुसात गेलं तर जीव जाऊ शकतो. तंबाखू, मिश्री, दारू, साखरेच्या गोळ्या, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आलं होतं, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. संमतीपत्र मराठीत समजावून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

आणखी एक. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन कधी कधी पोट उघडून पुरं करावं लागतं. आत फार चिकटलेलं असलं, रक्त थांबेना, तर तोच सुरक्षित मार्ग. "दुर्बिणीचं सांगून फाडलं का?" म्हणून बाहेर नातेवाईक भांडतात. ही शक्यता किती आणि तसं झालं तर खर्च योजनेत बसेल का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. काढलेली गाठ तपासणीला पाठवली का, तिच्या डबीवर पेशंटचं नाव आहे का आणि रिपोर्ट कधी मिळणार, हेही सुट्टी घेण्याआधी विचारा.