लकव्यानंतर पहिला आठवडा जपा

लकवा, अर्धांगवायू, पक्षाघात ही एकाच आजाराची नावे. मेंदूची रक्तवाहिनी रक्ताच्या गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग मरू लागतो. पण दवाखान्यात वेळेवर नेलेला माणूसही तिसऱ्या-चौथ्या दिवशी का खालावतो, हा प्रश्न अनेक घरांना पडतो. त्याचे एक मोठे कारण आपल्याच रोगप्रतिकारशक्तीत आहे. ते आज समजून घेऊ.

आधी नुकसान, मग दुरुस्ती

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी असतात. शेजारच्या पेशी मरू लागताच त्या जाग्या होतात. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तिथे धावून येतात. जंतू शिरल्यावर सोडावीत तशी तीव्र रसायने त्या सोडतात. त्यात वाचू शकणाऱ्या पेशीही होरपळतात, रक्तवाहिन्या पाझरतात आणि सूज वाढते. कवटी हाडाची असल्याने सुजेला जागा नसते. म्हणून मोठ्या झटक्यानंतर दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रुग्ण जास्त गुंगीत जाऊ लागला, उलट्या होऊ लागल्या, तर तेव्हाच डॉक्टरांना सांगावे.

पुढे याच संरक्षक पेशी मेलेला भाग साफ करतात आणि उरलेल्या पेशींच्या नव्या जोडण्यांना मदत करतात. म्हणून ही शक्ती सरसकट दाबून भागत नाही. डोक्याला मार लागलेल्यांना सूज उतरावी म्हणून पूर्वी स्टेरॉइड देत असत. 10,008 रुग्णांवर त्याची तपासणी झाली. तिचा निष्कर्ष 2004 साली आला: स्टेरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. पटणारी गोष्टही तपासूनच मानावी, ती अशी.

शरीर उघडे पडते

मेंदूत ही धावपळ चालू असताना बाकीच्या शरीराची प्रतिकारशक्ती मात्र खाली जाते. झटक्याच्या ताणाने शरीरात जी संप्रेरके वाढतात, ती रक्तातल्या लढाऊ पेशी कमी करतात. त्यातच गिळणे बिघडलेले असते. प्रेमापोटी पाजलेले घोटभर पाणी श्वासनळीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. झटक्यातून वाचलेली कितीतरी माणसे या न्यूमोनियाने दगावतात.

यावरचा उपाय फार महाग नाही. ऑस्ट्रेलियातल्या 19 रुग्णालयांत एक अभ्यास झाला. परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोर पाहायला शिकवल्या: ताप, रक्तातली साखर आणि गिळणे. 2011 साली निकाल आला. तीन महिन्यांनी मृत्यू पावलेले वा परावलंबी झालेले रुग्ण इतरत्र 58 टक्के होते, या पद्धतीत 42 टक्के.

घरच्यांनी काय करावे

1. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे, यातले एकही अचानक दिसले तर लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. लक्षण कधी सुरू झाले, ती वेळ लिहून ठेवा.

2. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडातून पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. सीटी स्कॅनआधी स्वतःहून अॅस्पिरिन तर नकोच. रक्तस्राव असेल तर तो वाढेल.

3. तपासणीनंतर भरवताना रुग्णाला नीट बसवा, छोटे घास द्या. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका. दात व जीभ रोज स्वच्छ करा.

4. ताप, खोकला, धाप किंवा जेवताना ठसका दिसला की लगेच सांगा. उद्यावर ढकलू नका.

5. अंथरुणावरच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. डॉक्टरांनी सांगताच व्यायाम सुरू करा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. पुढेही होत राहते, म्हणून व्यायाम सोडू नका.

कबुतराचे रक्त चोळल्याने लकवा बरा होतो, असे आजही कुणी सांगते. बिघाड मेंदूत आहे; कातडीवर चोळलेले रक्त तिथे पोचत नाही. त्यात जातो तो मोलाचा वेळ. बीपी आणि साखर नियमित तपासा, तंबाखू सोडा आणि वरच्या पाच गोष्टी घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.