धोरणात आपला जिन दिसू दे

जानेफळ,
दसऱ्याचा आदला दिवस

चि. सोनू,

मालकांनी आपल्या कापसाच्या जिनाचं सुरक्षा आणि आरोग्य धोरण लिहायचं काम तुझ्यावर सोपवलं, याचा आनंद वाटला. तुझा मसुदा मात्र मनाला पटला नाही. ‘कामगारांच्या सुरक्षेस आम्ही सर्वोच्च प्राधान्य देतो’ हे वाक्य साखर कारखान्यालाही चालेल आणि दवाखान्यालाही. त्यात कापूस कुठे आहे?

असा कागद मुळात का मागितला जातो, ते आधी लक्षात घे. 1984 साली भोपाळची वायुदुर्घटना झाली. त्यानंतर 1987 मध्ये 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 7-अ आलं. धोरण लेखी हवं, ते अमलात आणायची माणसं आणि व्यवस्था त्यात सांगितलेली हवी, वेळोवेळी ते सुधारायला हवं आणि प्रत्येक कामगाराला कळवायला हवं, असं त्यात होतं. आता कामगारांच्या सुरक्षेची 2020 ची संहिता आली, तरी लिहिताना ही चौकट सोडू नकोस.

तुझ्या मसुद्यात माणसंच नाहीत. ‘योग्य ती काळजी घेतली जाईल’ म्हणजे कोण घेणार? पट्ट्यावरची जाळी रोज सकाळी कोण बघणार, कापसातले खडे आणि लोखंडाचे तुकडे कोण वेचणार, आगीच्या बादल्या आणि पाण्याचा पंप कोणाकडे, रात्रपाळीत जखमीला मेहकरला न्यायला गाडी कोण देणार, हे हुद्द्यासकट लिही. रुईच्या ढिगात एक ठिणगी पडली तर विचार करायला वेळ मिळत नाही. धुळीबद्दल तर तू एक शब्दही लिहिला नाहीस. रुईची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की दम लागतो. तोंडाला बांधायला काय देणार आणि छातीची तपासणी कधी करणार, तेही येऊ दे.

सगळ्यात महत्त्वाचं कलम मात्र मजुरीचं. रोलरमध्ये कापूस अडकला की मशीन चालू असतानाच बाया हात घालतात. धोका त्यांना कळत नाही असं नाही. मशीन थांबलं की काम थांबतं, मुकादम ओरडतो, आणि जिथे वजनावर मजुरी असते तिथे पैसेही कापले जातात. म्हणून स्पष्ट लिही: अडकलेलं काढण्यासाठी कोणीही मशीन थांबवू शकेल, थांबवणाऱ्याची मजुरी कापली जाणार नाही आणि त्याला कोणी बोलणार नाही. हे वाक्य नसेल तर ‘चालू मशीनमध्ये हात घालू नये’ या पाटीला मी किंमत देत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या फॅक्टरी कमिशनपुढे मांडल्या. त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, अशीही मागणी होती. सुरक्षेचा हिशेब पगारात लागतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आणि लिहिलेलं कामगारापर्यंत पोहोचायलाही हवं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर गेले. औषधाच्या डब्यांवर सूचना छापलेल्या होत्याच. बारीक अक्षरातली सूचना फवारणाऱ्यापर्यंत पोहोचतेच असं नाही. म्हणून तुझा कागद दोन पानांच्या वर नको. तो साध्या मराठीत लिही आणि पाळी सुरू होताना मोठ्याने वाचून दाखव. परप्रांतातून आलेल्या हमालांना हिंदीतही सांग. मग एखाद्या बाईलाच विचार, आग लागली तर कुठल्या दाराने पळशील? तिला सांगता आलं नाही तर कागद पुन्हा लिही.

खाली सही मालकांचीच घे, मुनीमजींची नको. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागतील, त्याआधी सुधारलेला मसुदा मला पाठव.

तुझा,
मामा