वसुलीचा शेरा आणि निवृत्तीचा हिशोब

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी एका जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयात 1994 साली कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो आणि बारनिशी, आस्थापना व हिशोब या शाखांतून फिरत आज प्रमुख लिपिक आहे. येत्या सहा महिन्यांत, 58 वर्षे पूर्ण होताच, मी निवृत्त होईन. निवृत्तिवेतन प्रकरणासाठी माझे सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेले, तेव्हा 2006 साली आश्वासित प्रगती योजनेचा लाभ देताना एक वेतनवाढ अधिक दिली गेली, असा शेरा मारून ते परत आले; आणि कार्यालयाने 2,16,000 रुपये माझ्या उपदानातून वसूल करण्याचा आदेश काढला. ती वेतननिश्चिती झाली तेव्हा मी बारनिशीत होतो. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी मात्र, जादा रक्कम निघाल्यास परत करीन, असे वचनपत्र सर्वांबरोबर मीही लिहून दिले होते. ही वसुली कायद्यास धरून आहे काय? तसेच निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करावे काय?
— एक लिपिक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : ज्यांनी उभी हयात हवालदार-जमादारांच्या निवृत्तिवेतनाच्या नस्त्या बिनचूक तयार करण्यात घालविली, त्यांनाच स्वतःचे सेवापुस्तक अखेरच्या वर्षात प्रथम नीट पाहावयास मिळावे, हा सरकारी दप्तरांतील नित्याचा अनुभव आहे, तेव्हा आपल्यावर काही जगावेगळा प्रसंग ओढवला आहे, असे मानण्याचे कारण नाही. आपल्या पत्रात मात्र दोन निराळे प्रश्न एकत्र गुंतले आहेत. चुकलेली वेतननिश्चिती सुधारणे हा एक आणि त्या चुकीपायी गेल्या वीस वर्षांत हाती पडलेला पैसा परत मागणे हा दुसरा.

पहिल्याबाबत सरकारचा अधिकार सामान्यतः मान्य करावा लागतो. शेरा मुळात बरोबर असेल तर आपले वेतन सुधारले जाईल आणि निवृत्तिवेतनही त्या सुधारित, म्हणजे किंचित कमी, वेतनावरच बसेल. म्हणून शेऱ्याची नक्कल मिळवून, 2006 च्या वेतननिश्चितीचा तक्ता त्या वेळच्या शासन निर्णयाशी स्वतः ताडून पाहणे, हे आपले पहिले काम होय. कारण पथकाचा शेरा हाही माणसाच्याच हातचा असतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बाजूचे आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात 18 डिसेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, चुकून दिल्या गेलेल्या जादा वेतनाची वसुली कोणत्या परिस्थितीत करता येणार नाही, याची जी गणना केली, तिच्यातील तीन कलमे आपल्याला थेट लागू पडतात : कर्मचारी तृतीय वा चतुर्थ श्रेणीतील असणे, तो निवृत्त झालेला, अथवा वसुलीच्या आदेशापासून एका वर्षाच्या आत निवृत्त होणारा असणे, आणि जादा रक्कम आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ दिली जात असणे. पुढे 2022 साली केरळातील थॉमस डॅनियल या शिक्षकाच्या प्रकरणातही न्यायालयाने निवृत्तीनंतरची अशी वसुली अमान्य केली. परंतु त्याच वेळी हेही स्पष्ट केले की हे संरक्षण कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून नव्हे, तर त्याच्यावर कोसळणारी आपत्ती टाळावी या न्यायबुद्धीने दिले जाते, आणि चूक त्याच्या लबाडीने झाली असेल किंवा ती त्याला ठाऊक असेल, तर ते मिळणार नाही.

आपल्या प्रकरणातील नाजूक जागा नेमकी येथेच आहे. आपण पुढे हिशोब शाखेत काम केले असल्याने, ही चूक आपल्याला ठाऊक असलीच पाहिजे, असा युक्तिवाद उद्या सरकारतर्फे होऊ शकतो. त्याला नुसत्या तोंडी खुलाशाने उत्तर देता येत नाही. 2006 साली आपली नेमणूक बारनिशीत होती हे दाखविणारा कार्यालयीन आदेश आणि वेतननिश्चितीच्या तक्त्यावर तयार करणाऱ्याची व तपासणाऱ्याची स्वाक्षरी कोणाची आहे हे दाखविणारी नक्कल, असे दोन कागद आपल्या अर्जाला जोडलेले असले पाहिजेत. कार्यालय नकला देण्यास टाळाटाळ करील तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा.

वचनपत्राचा धाक निराधार नाही. जगदेव सिंग यांच्या प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने, वेतननिश्चितीच्या वेळी असे वचन लिहून देणारा त्याने बांधला जातो, असे ठरविले आहे. परंतु ते प्रकरण एका न्यायिक अधिकाऱ्याचे होते, आपल्यासारख्या तृतीय श्रेणीतील लिपिकाचे नव्हे; आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपले वचनपत्र सहाव्या आयोगाच्या वेतननिश्चितीपुरते आहे, तर आक्षेप 2006 च्या आश्वासित प्रगतीच्या लाभावर आहे. एका व्यवहाराचे वचन दुसऱ्या व्यवहाराला चिकटविता येत नाही, हा मुद्दा अर्जात ठळकपणे मांडावा.

प्रथम कार्यालयप्रमुखाकडे लेखी अर्ज द्यावा, सुधारित वेतननिश्चितीविषयी काय म्हणावयाचे ते स्वतंत्र परिच्छेदात लिहावे, वसुलीस स्पष्ट हरकत नोंदवावी आणि पोच घ्यावी. ‘वसुलीस संमती आहे’ अशा मजकुरावर, प्रकरण लवकर सुटेल या आमिषाने, सही करू नये. दाद न मिळाल्यास महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे मूळ अर्ज करता येतो. त्याची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची आहे.

आता अंशराशीकरण. नोव्हेंबर 2005 पूर्वीची नेमणूक असल्याने आपण 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांखाली येता आणि निवृत्तिवेतनाच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम एकरकमी घेऊ शकता. समजा, मूळ वेतन 60,000 रुपये असल्यास निवृत्तिवेतन 30,000 होईल. त्यातील 12,000 विकल्यास, 58 व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास लागू असणाऱ्या 8.371 या गुणकाने, 12,05,424 रुपये हाती येतील. पंधरा वर्षे दरमहा 12,000 कापले जातील, म्हणजे एकूण 21,60,000. व्याजाच्या भाषेत सांगावयाचे तर हे सुमारे पावणेनऊ टक्क्यांचे कर्ज होय. मात्र हे कर्ज असे आहे की कर्जदार मध्येच निवर्तला तर कुटुंब निवृत्तिवेतनातून त्याची एक पैही कापली जात नाही, मिळालेल्या रकमेवर आयकर नाही आणि महागाईवाढ पूर्ण 30,000 वरच मिळत राहते.

म्हणून डोक्यावर घराचे वा मुलांच्या शिक्षणाचे महागडे कर्ज असेल, किंवा प्रकृतीचा भरवसा नसेल, तर अंशराशीकरण अवश्य करावे. केवळ बँकेत ठेव म्हणून ठेवण्यासाठी मात्र करू नये, कारण ठेवीचे व्याज त्या कपातीची बरोबरी करणार नाही. निर्णय लांबवावयाचा असल्यास निवृत्तीपासून एक वर्षापर्यंत वैद्यकीय तपासणीविना अर्ज करता येतो. त्यानंतर मात्र वैद्यकीय मंडळापुढे उभे राहावे लागते.

आपली अर्हताकारी सेवा 32 वर्षांची धरल्यास उपदान वेतनाच्या 16 पट होते आणि शिल्लक अर्जित रजेचे, कमाल 300 दिवसांपर्यंत, रोखीकरण मिळते. यांतील रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावयाची असेल तर वयाची साठी उलटण्याची वाट पाहावी लागत नाही. 55 वर्षे पूर्ण करून निवृत्त झालेल्यास लाभाची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडता येते. तथापि ज्या उपदानावर वसुलीची टांगती तलवार आहे ते आज हिशोबात धरू नये. न्यायाधिकरणाचा निर्णय होईपर्यंत 2,16,000 रुपये आपले नाहीत असे समजूनच खर्चाचा मेळ बसवावा, आणि हरकतीचा अर्ज मात्र याच आठवड्यात, आपल्याच जुन्या बारनिशीत, आवक क्रमांकासह दाखल करावा.