भाऊबीजेला घर बंद, खर्च किती?

भाऊबीज आली की बालाघाटच्या गल्लीगल्लीत कुलपं लटकतात. कोणी गोंदियाला माहेरी, कोणी नागपूरला, कोणी लांजीकडच्या गावी मंडईच्या जत्रेला. निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून भलं मोठं कुलूप आणायचं, हा आपला ठरलेला उपाय. मीही आणलं होतं, सात लिव्हरचं, 900 रुपयांचं. परतलो तर कुलूप शाबूत, कोयंड्याला तसंच अडकलेलं. कोयंडाच चौकटीतून उपटला होता. अर्ध्या इंचाचे चार स्क्रू, तेही भुसभुशीत लाकडात.

म्हणून पहिला पैसा कोयंड्यावर. जाड पोलादी कडी-कोयंडा आणि आतून नट लावलेले आरपार बोल्ट, साधारण 300 ते 400 रुपये. वाढईची मजुरी वेगळी. दारातच बसणारं कुलूप दीड ते तीन हजारांत येतं, आणि घर बंद आहे हे रस्त्यावरून कळत नाही. कवेलूचं जुनं घर असेल तर परसदार आधी बघा.

वायफाय कॅमेरा 1,500 ते 3,000 रुपये. पण वीज गेली की राउटर बंद आणि कॅमेरा आंधळा. राउटर आणि कॅमेरा दोन्ही चालवणाऱ्या छोट्या यूपीएसचे हजार-बाराशे धरूनच हिशेब करा. निघताना सवयीने मेन स्विच पाडलात, तर कॅमेराही गेला. मेन चालू ठेवा, राउटर-कॅमेऱ्याचा एमसीबी सोडून बाकीचे पाडा.

लॉकरबद्दल मात्र गैरसमज फार. लहान लॉकरचा वार्षिक किराया हजार-दोन हजार, वर 18 टक्के जीएसटी. 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक किरायाच्या 100 पटीपर्यंत. किराया 1,500 असेल तर दीड लाख. आज तोळाभर सोनंच लाखाच्या वर आहे! तरी कपाटापेक्षा लॉकर बराच. अडचण वेगळीच असते: लक्ष्मीपूजनाला काढलेले दागिने बँकेच्या सुट्ट्यांमुळे परत जातच नाहीत. गावाला जायचं असेल तर या वर्षी ते काढूच नका.

विम्याचंही तसंच. 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत साधी घरफोडी धरलेली नाही. आग, पूर अशा घटनेमुळे, तिच्यानंतर 7 दिवसांत झालेली चोरीच धरतात. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. प्रीमियम विचारताना दागिन्यांची यादी आणि बिलं सोबत न्या.

बिनपैशाची कामं: ठाण्यात कळवणं, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणं, दूध-पेपर थांबवणं. गॅस गळतीसाठी 1906 आणि पोलिसांसाठी 112, हे दोन आकडे शेजाऱ्यांच्या भिंतीवर चिकटवा.

दिवाळीत बिनरांगोळीचं अंगण लांबूनच ओळखू येतं. आम्ही नसलो की शेजारच्या वहिनी आमच्या दारात सडा टाकून पणती लावतात. त्याचा खर्च मंडईतून आणलेला मिठाईचा पुडा. आणि त्या माहेरी गेल्या की त्यांच्या अंगणात रांगोळी आमच्याकडून. माझी फार वाकडी येते, पण येते.