उत्तर बरोबर, प्रश्न अपुरा

‘भारतातील पहिली रेल्वे कोठे धावली?’ सामान्यज्ञानाच्या या नित्याच्या प्रश्नाला आपण तत्काळ उत्तर देतो : बोरीबंदर ते ठाणे, १६ एप्रिल १८५३.

परंतु मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ मध्येच दगड वाहून नेणारी रेल्वे होती. १८५१ साली रुडकीजवळ, गंगा कालव्याच्या सोलानी जलसेतूचे काम चालू असता, वाफेचे इंजिन माती वाहत होते. बोरीबंदरहून निघालेल्या गाडीला मात्र तीन इंजिने, चौदा डबे आणि सुमारे चारशे प्रवासी होते. म्हणजे ती पहिली ‘प्रवासी’ रेल्वे. एवढा एक शब्द गळला की आधीच्या दोन्ही रेल्वे इतिहासातून गळतात.

विद्यार्थिमित्रहो, उत्तर पाठ करण्यापूर्वी प्रश्नातील प्रत्येक शब्द पारखून घ्यावा. खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.